सव्विसावा वाटा

वाचनालय सकाळी साडेनऊला उघडायचं आणि राधाकिशन सव्वानऊलाच पायरीवर येऊन बसलेला असायचा. निवृत्त झाल्यापासून आठ वर्षं हाच नेम. खिडकीजवळची खुर्ची, सदऱ्याच्या टोकाने पुसलेला चष्मा, आणि वर्तमानपत्र शेवटच्या पानापासून. शेवटच्या पानावर जाहीर नोटिसा असत. सहकार खात्यात बत्तीस वर्षं कारकुनी केलेल्या माणसाला त्या वाचल्याशिवाय दिवस उजाडल्यासारखा वाटत नसे. बीड शहरात दुसरं कुणी त्या वाचत असेल यावर त्याचा विश्वास नव्हता. त्या दिवशी एप्रिलची सात तारीख होती, बाहेर टँकरमागे घागरी घेऊन बाया पळत होत्या, आणि पानाच्या खालच्या कोपऱ्यात केज तालुक्यातल्या एका मच्छीमार सहकारी संस्थेची मतदार यादी छापली होती. सव्वीस नावं. त्यांतल्या अकरा नावांपुढे 'मयत'. सव्विसाव्या नावापुढे काही नव्हतं. बंकट सुंदरराव, वय ६०. पंख्याचा आवाज थांबला असं त्याला वाटलं. वर पाहिलं तर पंखा फिरत होता.

बंकट त्याचा धाकटा भाऊ. चव्वेचाळीस वर्षांपूर्वीच्या दुष्काळात कुठे निघून गेला तो परत आला नाही. आणि यादीतलं ते नाव राधाकिशननेच, स्वतःच्या हाताने, लिहिलं होतं. तीस वर्षं झाली त्याला. धरणात गाव गेलेले भोई लोक संस्था काढायची म्हणून ऑफिसात आले होते. त्यांच्या पुढे शहादेव नावाचा एक उंच, काळासावळा माणूस होता. साहेबांनी सव्वीस सभासद हवेत असं सांगितलेलं, आणि मोजून पंचवीस उभे होते. सव्विसावा ऊसतोडीच्या टोळीबरोबर उचल घेऊन गेला होता. साहेबांची बदली झालेली, संध्याकाळच्या आत सही झाली तर झाली. ते पंचवीस जण व्हरांड्यात उकिडवे बसले होते. राधाकिशनने पेनाचं टोपण काढलं आणि सव्विसावं नाव लिहून टाकलं. साहेबांनी विचारलं, "हा कोण?" तो म्हणाला, "त्यांच्यातलाच आहे, साहेब." आपण गरिबांचं काम अडू दिलं नाही, असं त्याने पुढे कित्येक वर्षं स्वतःला सांगितलं. पण खरं ते नव्हतं. त्याच्या आदल्याच वर्षी आई, तुळजाबाई, गेली होती. तिने शेवटपर्यंत बंकटचं दिवसपाणी करू दिलं नव्हतं. "ज्याचं वाईट कानावर आलं न्हाई, त्याचं पिंड कावून पाडायचं?" म्हणायची. आई गेल्यावर बंकट जिवंत आहे असं म्हणणारं कुणी उरलं नव्हतं. जिथे जिवंत माणसांची नावं लिहितात अशा एका कागदावर त्याला बंकटला बसवायचं होतं. त्या वेळी त्याने वय तीस लिहिलं होतं. आज साठ. बरोबर होतं. तीस वर्षं कुणीतरी ते वाढवत आणलं होतं.

दोन दिवस त्याने कळ काढली. यादी संगणकावर केली असेल, वय यंत्रानेच वाढवलं असेल. पण मयत झालेल्यांची वयं वाढली नव्हती. ती जिथल्या तिथे थांबली होती. म्हणजे कुणीतरी नाव नाव पाहून ठरवलं होतं की हा गेला, हा आहे. तिसऱ्या दिवशी पहाटे तो उठला, पिशवीत पाण्याच्या दोन बाटल्या आणि टोपी टाकली. सरस्वतीबाई चहा गाळत होती. "अहो, एवढ्या उन्हाचं कुठं?" तिने विचारलं. "केजला. एकांचं लग्न आहे," तो म्हणाला. कुणाचं लग्न, हे तिने विचारलं असतं तर त्याला सांगता आलं नसतं. तिने विचारलं नाही. चाळीस वर्षांच्या संसारात तिला बंकटबद्दल त्याने इतकंच सांगितलं होतं की एक भाऊ होता.

केजपर्यंत एसटी आणि पुढे काळीपिवळी जीप. जीपने त्याला धरणाच्या भिंतीपाशी सोडलं तेव्हा आठ वाजले असतील. भिंत पाहून तो थबकला. भिंत होती, दरवाजे होते, आणि भिंतीच्या आत, जिथे पाणी असायचं तिथे, काही नव्हतं. खोल उतरत गेलेली पांढुरकी, भेगाळलेली जमीन, आणि फार लांब, मैलभर आत, काच पडून राहावी तसं थोडं पाणी. चहाच्या टपरीवाल्याने आपलं नाव बद्रीनाथ असं न विचारताच सांगितलं आणि वस्तीला जायची होडी कुठून मिळते म्हटल्यावर तो मनापासून हसला.

"काका, होडी घालायची कुटं? तुमच्या ह्या कपबशीत?"

"मग लोक जातात कसे?"

"कोन जातंय तिकडं! त्यांचंच दोन-चार मानसं येत्यात बाजाराला, पायी. हे पानी धरून काठाकाठानं चालायचं. पानी डाव्या हाताला ठिवा. जिथं काठ संपंल तिथं वस्ती." मग त्याने राधाकिशनच्या पायातल्या चपलांकडे पाहिलं. "चार कोस तरी हाय बरं का. मासळी पाह्यजे आसंल तर केजला बी भेटती की."

मासळी त्याने जन्मात खाल्ली नव्हती. घरात माळ होती. समुद्रही त्याने पाहिला नव्हता. समुद्र त्याला पुस्तकांतून माहीत होता. काठ, खाडी, गलबतं, ओहोटी हे सगळे शब्द त्याने त्या खिडकीपाशी बसून वाचले होते आणि प्रत्येक वेळी त्याच्या मनात हेच धरण यायचं, जे त्याने एकदाच, भरलेलं असताना, ऑफिसच्या जीपमधून पाहिलं होतं. आता तो त्याच्या तळातून चालत होता. डाव्या हाताला पाणी. उजव्या हाताला चढ, आणि चढावर आडव्या रेघा, एकीवर एक. ह्या साली इथपर्यंत होतं, त्या साली इथपर्यंत. पायाखाली शिंपल्यांचा थर होता, प्रत्येक पावलाला तो करकरत होता, आणि तो आवाज आपल्या एकट्याचा नाही असं त्याला पहिल्या अर्ध्या तासातच वाटू लागलं. तो थांबला की करकर थांबायची. पण लगेच नाही. एखादं पाऊल उशिरा.

उन्हाचं असं होतं, त्याने स्वतःला समजावलं. म्हातारपणी कानात आवाज होतात. त्याला आपल्या कुठल्याच गोष्टीची खात्री वाटत नसे. सही केल्यावरसुद्धा आपलीच सही आहे ना म्हणून तो पुन्हा बघायचा. पाण्यात बुडून वर आलेल्या एका विहिरीच्या कठड्यावर तो टेकला. विहिरीला मोट ओढायच्या दगडी सोंडी तशाच होत्या. आत गाळ भरून विहीर जमिनीच्या बरोबर झाली होती. त्या गाळावर कुणीतरी टरबुजाचा वेल लावला होता आणि एक टरबूज, चांगलं मोठं, विहिरीच्या मधोमध पिकून पडलं होतं. तहान असूनही ते तोडावं असं त्याला वाटलं नाही. कुणी लावलं? मैलभर माणूस नव्हता. पलीकडच्या काठावर मात्र एक जण चालत होता. ते त्याला आत्ता दिसलं. पाण्याच्या पलीकडे, बारीक, त्याच्याच दिशेने जाणारा. राधाकिशन उठून चालू लागला तसा तोही चालू लागला. हा थांबला की तो थांबे. हाक पोचेल एवढा तो जवळ नव्हता, आणि हात वर करावा तर त्याने हात वर केला नसता तर काय, या विचाराने राधाकिशनने हात वर केला नाही.

बंकट असाच लांबून चालत आला होता. बहात्तर साल. राधाकिशन बीडला कॉलेजात शिकत होता, एका खोलीत तिघं जण राहत होते. गावाकडे, आष्टीच्या बाजूला, काही उरलं नव्हतं. वडील आणि बंकट रोजगार हमीच्या खडीवर जात होते. बंकट सोळा वर्षांचा. शाळा त्याने पहिलीतच सोडली होती, म्हणजे सोडवली होती. दोघांना शिकवणं होण्यासारखं नव्हतं आणि अक्षर राधाकिशनचं चांगलं होतं. त्या दुपारी दारात उभा राहिलेला पोरगा भुवयांपर्यंत खडीच्या धुळीने पांढरा झाला होता. हातात फडक्याची गाठ. कामावर मिळायची ती सुकडी त्याने आठ दिवस न खाता साठवली होती आणि ती द्यायला तो दोन दिवस पायी आला होता. खोलीतल्या एकाने विचारलं, "कोण रे हा?" आणि राधाकिशन म्हणाला, "आमच्या गावचा आहे एक." एवढंच. वाक्य खोटंही नव्हतं. बंकटने गाठ उंबऱ्यावर ठेवली. डाव्या हाताने, तो डावखुरा होता आणि त्यावरून वडिलांचा मार खायचा. "बरं हाय, रावसाहेब, येतो," म्हणाला आणि गेला. तो कामावर पोचला नाही. घरीही पोचला नाही. सुकडी त्या तिघांनी दोन दिवसांत संपवली. गोड होती.

दुपारी पाणी निमुळतं झालं आणि पलीकडचा काठ जवळ आला. चालणारा माणूस म्हणजे एक लाकडी खांब होता, पूर्वीच्या पाणी ओढायच्या मोटारीच्या तारेचा, आणि त्यावर कुणाचा तरी फाटका सदरा टांगला होता. राधाकिशनला हसू आलं. मग त्याने मागे वळून पाहिलं. सकाळपासून तो दोन कोस चालून आला होता, आणि खांब एका जागी असतो. हे ध्यानात आल्यावर त्याने पुन्हा तिकडे पाहायचं टाळलं. बाटलीतलं पाणी गरम होऊन त्याला प्लॅस्टिकचा वास लागला होता. त्याला वाटलं, बंकट जिवंत असेल तर काय बोलायचं? 'मी राधाकिशन,' असं? आणि तो म्हणाला, 'कोन राधाकिशन?' तर? त्याहून वाईट म्हणजे तो म्हणाला, 'या रावसाहेब,' तर? आपल्याला तो जिवंत हवा आहे का, असा प्रश्न त्याने चालता चालता स्वतःला विचारला, आणि त्या प्रश्नाची त्यालाच भीती वाटली. पण पाय थांबत नव्हते. शिंपले संपले होते आणि आता मऊ गाळावर पाय पडत होते, तरी मागची करकर चालूच होती.

जिथे काठ संपला तिथे खरंच वस्ती होती. पत्र्याची दहा-बारा घरं, उलट्या करून ठेवलेल्या होड्या, दोरीवर वाळत घातलेली जाळी. होड्यांपासून पाणी पाचशे पावलं लांब गेलं होतं. चार वाजले असतील. घरांपुढच्या मोकळ्या जागेत बाया-माणसं गोल करून बसली होती आणि मधे मासळीचे लहान लहान वाटे मांडले होते. फार नव्हती, हाताएवढे मासे, काही अजून तोंड उघडत होते. एक म्हातारा सगळ्यांकडे पाठ करून, पाण्याकडे तोंड करून उभा होता. एक बाई एकेका वाट्यावर बोट ठेवून विचारत होती आणि म्हातारा न बघता नाव घेत होता. कुणाला मोठा, कुणाला बारका, हे त्याला दिसू नये म्हणून.

"हा कुनाचा?"

"सुंदरबाईचा."

"हा?"

"उत्तरेश्वरचा. आन त्याला म्हनावं, कुरकूर केलीस तर उद्या आंघोळीला बी पानी न्हाई तुला."

लोक हसले. उत्तरेश्वर नावाचा माणूस म्हणाला, "पाठ करून बी माझाच काटा काढतो म्हातारा!"

"हा कुनाचा?"

"बंकटचा," म्हातारा म्हणाला.

राधाकिशन होडीचा आधार धरून उभा राहिला. साठीकडे झुकलेली एक किडकिडीत बाई पुढे झाली आणि तिने तो वाटा पदरात घेतला. मग सगळ्यांनी एकदमच राधाकिशनकडे पाहिलं. म्हातारा वळला. उंची तेवढीच होती, डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता.

"कोन हाय?"

"बीडहून आलो. मी... मला बंकटला भेटायचं आहे."

म्हातारा जवळ आला, चेहऱ्याजवळ चेहरा आणून त्याने पाहिलं. "तुमी कारकून न्हवं? आमची नावं लिवलेले? राधाकिशन. मी शहादेव, वळखलं का? बसा, बसा. मुक्ताबाई, पानी दी साहेबाला." त्या किडकिडीत बाईने तांब्या आणून दिला. पाण्याला गाळाचा वास होता. तो सगळं प्यायला. शहादेव समोर बसला. "बंकट जाऊन सहा वर्सं झाली, साहेब," तो म्हणाला. "हिचाच मालक."

"पण यादीत मयत..."

"कावून मारायचं नाव?" मुक्ताबाई म्हणाली. तिचा आवाज कोरडा, स्वच्छ होता. "मानूस मेला. नाव कुटं मेलं? वाटा निघतोय त्याचा."

शहादेवने सांगितलं ते असं. संस्था झाल्यावर तीन वर्षांनी एक माणूस चालत वस्तीवर आला. कुठला, कोण, काही सांगेना. काम मागत होता. सभासद नसलेल्याला जाळं धरू देत नव्हते. पण एक नाव मोकळं होतं. त्या नावाचा वाटा रोज निघायचा आणि कुणी घ्यायचं नाही म्हणून पाण्यात सोडून द्यायचे. "आमी म्हनलं, बंकट म्हनून ऱ्हातो का? त्यो म्हनला, ऱ्हातो. ऱ्हायला."

राधाकिशनने हातातला तांब्या खाली ठेवला तो आडवा झाला. तीन वर्षांनी. म्हणजे एकोणनव्वद. बंकट तेहतीस वर्षांचा असणार. नाव सांगत नव्हता. सांगेल कसा, नाव तर आधीच इथे येऊन बसलेलं. "दिसायला कसा होता?" त्याने विचारलं.

"बुटका," मुक्ताबाई म्हणाली. "गोरा. एका पायानं लंगडायचा."

बंकट उंच होता. पण सोळाव्या वर्षीचा उंच पोरगा बुटका होतो का? खडीवर पाय मोडू शकतो. रंग... धुळीखालचा रंग आठवतो कुणाला? "जेवायचा कुठल्या हाताने?"

"कुटल्या म्हंजी? उजव्या. सगळे जेवत्यात तसा."

शाळेत मास्तर, घरी वडील, मारून मारून हात बदलतो माणसाचा. राधाकिशन एकेक वीट रचत होता आणि रचताना ती आपल्या हातात विरघळते आहे हे त्याला कळत होतं. मुक्ताबाई त्याच्याकडे एकटक पाहत होती. वाट्यातला एक मासा तिच्या पदरात हलला.

"तुमी त्याचे कोन?" तिने विचारलं.

बीडच्या त्या खोलीत कुणीतरी हेच विचारलं होतं. या वेळी तो चुकणार नव्हता. बुटका असो, लंगडा असो, कुठलाही असो. जो कुणी त्या नावात राहिला होता तो त्याचा होता. "भाऊ," तो म्हणाला. "तो माझा सख्खा भाऊ होता." आणि रडू येऊ नये म्हणून त्याने खाली पाहिलं.

मुक्ताबाईने शहादेवकडे पाहिलं. शहादेवने मान हलवली, सांग, अशी.

"न्हाई, साहेब," ती म्हणाली. "माझा मालक कोन व्हता त्ये मला ठावं हाय. मरताना सांगितलं त्यानं. तुमच्या जातीचा बी न्हवता, गावचा बी न्हवता. तुमचा भाऊ मागून आलता."

"मागून?"

"धा वर्सं झाली. धरन भरलं त्या साली. पानी पार हितं, ह्या चुलीपशी व्हतं. सकाळच्या पारी एक उंच मानूस आला, काठीवानी. म्हनला, माझं नाव बंकट सुंदरराव, कुनीतरी सांगितलं हितल्या यादीत हाय, कुनी लिवलं? आमी म्हनलं, बंकट तर हाय आमच्यात, ह्यो काय बसलाय. माझा मालक जाळं इनत व्हता. भ्याला बिचारा. वाटलं, नाव परत मागतोय."

"मग?"

"मागितलं न्हाई. यादी दाखवा म्हनला. ह्यांनी दाखवली." तिने शहादेवकडे हात केला.

"वाचता येईना त्याला," शहादेव म्हणाला. "म्हनला, माझं कुटं हाय त्ये दाखवा. मी त्याचं बोट धरून ठिवलं. लई वेळ बोट उचललं न्हाई. कुनी लिवलं म्हनून पुन्यांदा इचारलं. मी म्हनलं, बीडचा एक कारकून, राधाकिशन. त्यो म्हनला, 'अक्षर चांगलं हाय.'"

"मग मी वाढलं दोगांना," मुक्ताबाई म्हणाली. "एकाच परातीत बसले. ह्यो उजव्या हातानं, त्यो डाव्या. हाताला हात लागायचे, तर दोगं बी हसायचे. जेवून उठला, माझ्या मालकाला म्हनला, 'ऱ्हा बाबा तू.' आन निघाला."

राधाकिशनला आपला आवाज लांबून ऐकू आला. "कुठं? कुठल्या वाटेनं?"

तिने हात लांब केला. घरांमधून येणाऱ्या पायवाटेकडे तिने दाखवलं नाही. तिने समोर दाखवलं, होड्यांच्या पलीकडे, जिथे आता भेगाळलेला गाळ होता आणि पाचशे पावलांवर पाण्याची कड.

"तिकडे तर त्या वेळी पाणी होतं."

"व्हतं की. पाच पुरुस खोल."

"होडीतून गेला?"

"होडी न्हाई मागितली." बाकीचे सगळे आपापले वाटे समोर घेऊन बसले होते आणि कुणीही तिला वेड्यात काढत नव्हतं. "चालत गेला. लई लांबवर दिसत व्हता. मी हाक मारनार व्हते, साहेब. पर बंकट म्हनून हाक मारली आसती, तर हा घरातलाच 'ओ' म्हनला आसता."

ऊन अजून बरंच वर होतं. राधाकिशन उठला. चपला होडीपाशी राहिल्या हे त्याच्या ध्यानात आलं नाही. गाळ वरून कोरडा होता, आतून गार, आणि पाय घोट्यापर्यंत आत घेत होता. कुठल्या दिशेने, हे त्याने पुन्हा विचारलं नाही. बाईचा हात जिथे संपत होता तिथून तो सरळ निघाला. मागून कुणीतरी हाक मारेल म्हणून पहिली काही पावलं त्याने हळू टाकली. त्याचं नाव तर सगळ्यांना माहीत होतं. हाक आली नाही.